न झालेल्या गोलांचा हिशेब



या व्याख्यानासाठी संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय विचारला. आम्ही म्हणालो, "लुसिओ". पलीकडे जरा वेळ शांतता. मग अदबीनं प्रश्न आला, "सर, हे कोणते तत्त्वज्ञ?" आम्ही म्हणालो, "ब्राझीलचे. सेंटर बॅक खेळायचे."

तेव्हा आधीच सांगून टाकतो. आज आपण एका फुटबॉलपटूच्या कारकिर्दीची समीक्षा करणार आहोत. कादंबरीची करतात, गायकाच्या गायकीची करतात, तशीच. गौरव करायचा नाही आणि आकडेवारी वाचून दाखवायची नाही. या माणसानं जे काम आयुष्यभर केलं त्याची किंमत कशी ठरवायची, एवढाच प्रश्न आहे. तो वाटतो तेवढा सोपा नाही, आणि आम्ही स्वतः त्या प्रश्नात एकदा नापास झालेलो आहोत. ते शेवटी सांगू.

लुसिओचं खरं नाव लुसिमार. जन्म ८ मे १९७८, ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया आणि तिच्या भोवतीचा जो संघीय जिल्हा आहे तिथला, प्लानाल्टिनाकडचा. रिओ किंवा साओ पावलोच्या फुटबॉलच्या मानानं हा आडबाजूचा भाग. तिथल्या ग्वारा नावाच्या छोट्या क्लबकडून तो खेळत होता. १९९७ साली ब्राझीलच्या राष्ट्रीय चषकात ग्वाराची गाठ पोर्तु अलेग्रीच्या इंटरनॅसिओनाल या मोठ्या क्लबशी पडली. ग्वारा ७-० असा हरला. आणि असं सांगतात की त्याच सामन्यात इंटरनॅसिओनालच्या लोकांनी या पोराला हेरलं आणि आपल्याकडे घेतलं.

थोडं थांबून बघा. ज्याचं काम गोल होऊ न देणं, त्याच्या संघावर सात गोल झाले आणि तरी त्याची निवड झाली. म्हणजे निवडणाऱ्यानं धावफलक वाचला नाही, माणूस पाहिला. ही नजर दुर्मिळ असते. आजचं आमचं बोलणं तिच्याबद्दलच आहे.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. २००१ मध्ये जर्मनीतला बायर लेव्हरकुसेन, २००४ ते २००९ बायर्न म्युनिक, मग तीन वर्षं इंटर मिलान. ब्राझीलकडून २००० ते २०११ या काळात १०५ सामने. २००२ चा विश्वचषक. २००९ चा कॉन्फेडरेशन्स कप कर्णधार म्हणून. जर्मनीत बायर्नबरोबर तीनदा लीग आणि तीनदा जर्मन चषक. २०१० मध्ये इंटरबरोबर इटालियन लीग, इटालियन चषक आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही एकाच मोसमात. हे सगळं कुठल्याही क्रीडाकोशात सापडेल. पण यादी म्हणजे समीक्षा नव्हे.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. आघाडीच्या खेळाडूचं काम डोळ्यांना दिसतं. गोल झाला, लोक उठून उभे राहिले, नोंद झाली. बचावपटूचं काम यशस्वी झालं तर काय दिसतं? काहीच नाही. पास पोचला नाही, शॉट बसला नाही, गोल झाला नाही. त्याच्या यशाला कर्ता असतो, पण घटना नसते. तो चुकतो तेव्हा मात्र घटना घडते, आणि ती शंभर वेळा दाखवतात.

या 'काहीच नाही'चं काय करायचं, यावर आपल्याकडे फार जुना विचार झालेला आहे. वैशेषिकांनी जगातल्या पदार्थांची यादी केली. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. हे सहा. पुढच्या आचार्यांनी तिच्यात सातवा घातला, अभाव. म्हणजे 'नसणं' हीसुद्धा जगातली एक गोष्ट आहे, तिचंही ज्ञान होतं. आणि ज्याचा अभाव असतो त्याला न्यायशास्त्रात शब्द आहे 'प्रतियोगी'. जमिनीवर घट नसेल, तर घट हा त्या अभावाचा प्रतियोगी. आपण रोजच्या मराठीत प्रतियोगी म्हणजे प्रतिस्पर्धी असं समजतो. बचावपटूच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात, बघा.

पण खरी मौज पुढे आहे. या टेबलावर पाण्याचा तांब्या नाही, हे आम्हाला इथे आल्याबरोबर दिसलं. संयोजकांनी मनावर घेऊ नये. या टेबलावर हत्तीसुद्धा नाही. पण हत्ती नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. का? कारण तो असण्याचा संभव नव्हता. कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी अभाव कळण्यासाठी 'अनुपलब्धी' असं स्वतंत्र प्रमाण मानलं, आणि त्याला अट घातली योग्यतेची. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत चाचपडून 'इथे तांब्या नाही' असं म्हणता येत नाही. नसण्याला अर्थ यायचा तर आधी असण्याची शक्यता हवी.

ही कसोटी हातात ठेवा. आता लुसिओच्या सगळ्यात प्रसिद्ध विक्रमाकडे जाऊ.

२००६ चा विश्वचषक, जर्मनी. त्या स्पर्धेत लुसिओनं सलग ३८६ मिनिटं एकही फाऊल केला नाही. क्रोएशिया, ऑस्ट्रेलिया, जपान आणि घाना या चार सामन्यांची ३६० मिनिटं, आणि उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सविरुद्धची पहिली सव्वीसेक. त्याआधी १९९८ च्या स्पर्धेत पॅराग्वेचा कार्लोस गामारा याच गोष्टीसाठी वाखाणला गेला होता. लुसिओ त्याच्याही पुढे गेला.

हा विक्रम म्हणजे शुद्ध अभावाचा विक्रम. काय केलं? तर फाऊल केला नाही. आता योग्यतेची कसोटी लावा. गोलरक्षकानं ३८६ मिनिटं फाऊल केला नाही तर कुणी वही काढत नाही. तो टेबलावरचा हत्ती. उलट एखादा भित्रा बचावपटू समोरच्यापासून दहा हात लांब उभा राहिला, चेंडूसाठी भिडलाच नाही, तर त्याच्याही नावावर फाऊल लागणार नाही. ती अंधारी खोली. लुसिओ यांपैकी कुठेच बसत नाही. सहा फूट दोन इंच उंचीचा दणकट माणूस, प्रत्येक हेडरला उडी मारणारा, समोरच्याच्या पायातून चेंडू काढायला जमिनीवर घसरत जाणारा. त्याच्या खेळात फाऊल होण्याची शक्यता दर पाच मिनिटांनी होती. म्हणून त्याच्या 'न होण्या'ला किंमत आहे. ब्राझीलवर त्या अख्ख्या स्पर्धेत गोल झाले दोन. एक जपानचा, एक फ्रान्सचा.

मात्र समीक्षकानं इथे भाळून जाऊ नये. त्या दोनांतला दुसरा गोल झिदानच्या फ्री किकवर ऑन्रीनं केला, पलीकडच्या खांबाशी, एकट्यानं. ब्राझील स्पर्धेबाहेर गेला. ३८६ मिनिटांचा निर्दोषपणा आणि संघाचा पराभव, दोन्ही एकाच संध्याकाळच्या गोष्टी आहेत. म्हणजे निर्दोषपणाची मोजदाद करूनही काम पूर्ण समजत नाही. मग कशानं समजतं? त्यासाठी चार वर्षं मागे जावं लागेल.

२१ जून २००२, शुक्रवार. जपानमधलं शिझुओका. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, ब्राझील विरुद्ध इंग्लंड. आपल्याकडे तो सामना दुपारी बाराला सुरू झाला. आम्ही तेव्हा पन्नाशीत होतो. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये टीव्ही लावलेला, डबे उघडलेले, प्रवेशाच्या धामधुमीतून चुकवून आलेले दहा-बाराजण. तेविसावं मिनिट. इंग्लंडच्या हेस्कीनं लांबून एक चेंडू पुढे टाकला. फार अवघड नव्हता. लुसिओ त्याच्या वाटेत उभा होता. सरळ बाहेर फटकावून दिला असता तर प्रश्न मिटला असता. त्यानं तो अंगावर घेऊन ताब्यात आणायचा प्रयत्न केला. चेंडू उसळला आणि नेमका मायकल ओवेनच्या पुढ्यात पडला. ओवेन तेव्हा जगातल्या चपळ आघाडीपटूंपैकी एक. त्यानं चेंडू गोलरक्षक मार्कोसच्या वरून जाळ्यात टाकला. इंग्लंड १, ब्राझील ०.

आम्ही स्टाफरूममध्ये मोठ्यानं म्हणालो, "संपला हा. याला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा." तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक म्हटल्यावर लोक आमचं ऐकतात. सगळ्यांनी माना डोलावल्या.

प्रशिक्षक स्कोलारींनी त्याला बाहेर काढलं नाही. मध्यंतराच्या तोंडावर रिवाल्डोनं बरोबरी केली. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत रोनाल्डिन्होनं फार लांबून मारलेली फ्री किक इंग्लंडचा गोलरक्षक सीमनच्या डोक्यावरून आत गेली. थोड्याच वेळात रोनाल्डिन्होला रेड कार्ड मिळालं आणि ब्राझील दहाजणांवर आलं. उरलेली अर्ध्या तासाहून जास्त मिनिटं ती २-१ ची आघाडी टिकवायची होती, आणि टिकवणाऱ्यांत लुसिओ होता. ज्यानं गोल दिला तोच दार अडवून उभा. त्या अर्ध्या तासात काय घडलं? काहीच नाही. म्हणून ते कुणाला आठवत नाही. ओवेनचा गोल मात्र सगळ्यांना आठवतो.

त्यापुढचे दोन सामने, उपांत्य फेरीत तुर्कस्तान आणि अंतिम फेरीत जर्मनी. दोन्हीत ब्राझीलवर एकही गोल झाला नाही. अख्ख्या स्पर्धेत सात सामन्यांत चार गोल. काफू आणि रॉबर्टो कार्लोस दोन्ही कडांनी पुढे निघून जायचे, तेव्हा मागे लुसिओ, एडमिल्सन आणि रोके ज्युनियर हे तिघं राहायचे. ब्राझील म्हटलं की आपल्याला रोनाल्डोचे आठ गोल आठवतात. त्या आठ गोलांच्या खाली हे तिघं पायासारखे होते.

आता एक प्रश्न विचारतो. समजा, रिवाल्डोचा तो गोल झाला नसता. समजा सीमन दोन पावलं मागे उभा असता. चूक तीच, मिनिट तेच, माणूस तोच. लुसिओचं काय झालं असतं?

याचं उत्तर ब्राझीलच्या इतिहासात लिहिलेलं आहे. १६ जुलै १९५०, रिओचं माराकाना मैदान. उरुग्वेविरुद्ध ब्राझील २-१ हरला. दुसरा गोल घिगियाचा, जवळच्या खांबाच्या बाजूनं. गोलरक्षक होता मोआसिर बार्बोसा. त्या एका गोलासाठी या माणसाला उरलेलं सगळं आयुष्य दोषी धरलं गेलं. २००० साली तो वारला, म्हणजे जवळपास पन्नास वर्षं. शिझुओकाच्या फक्त दोन वर्षं आधीची ही गोष्ट. लुसिओ आणि त्याचे साथीदार ज्या देशात वाढले, तिथल्या प्रत्येक बचावपटूला आणि गोलरक्षकाला बार्बोसाची कथा ठाऊक असते.

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये या कोड्याला 'मॉरल लक' असं नाव दिलं. आपण 'नैतिक दैव' म्हणू. दोन माणसांनी एकच निष्काळजीपणा केला. एकाच्या बाबतीत काही बिघडलं नाही, दुसऱ्याच्या बाबतीत अनर्थ झाला. आपण पहिल्याला विसरतो, दुसऱ्याला आयुष्यभर माफ करत नाही. वास्तविक दोघांच्या हातात जेवढं होतं तेवढं सारखंच होतं. लुसिओला रिवाल्डो आणि रोनाल्डिन्हो मिळाले. बार्बोसाला कुणी मिळालं नाही.

मग आपण निकालावरून न्याय करायचा नाही, तर कशावरून करायचा? आमचं उत्तर असं आहे की माणसाची जी खोड चुकीच्या क्षणी दिसते, ती बाकीच्या आयुष्यात काय करते, हे पाहायचं.

लुसिओची खोड काय होती? त्याला चेंडू नुसता फटकावून द्यायला आवडायचं नाही. तो घ्यायचा, ताब्यात आणायचा आणि पुढे निघायचा. बचावाच्या फळीतून उठून हा उंच माणूस लांब ढांगा टाकत मधलं मैदान ओलांडायचा तेव्हा समोरच्यांना कळायचं नाही, याला अडवायचं कुणी. शिझुओकाची चूक त्याच खोडीतून झाली. चेंडू बाहेर न मारता अंगावर घेतला. आणि फाऊल न करण्याचा विक्रमही त्याच खोडीतून आला. त्याची नजर माणसावर नसायची, चेंडूवर असायची. ज्याला चेंडू हवा असतो तो समोरच्याचं अंग धरत नाही, शर्ट ओढत नाही. म्हणजे २००२ ची चूक आणि २००६ चा निर्दोषपणा ही एकाच स्वभावाची दोन फळं आहेत. एक कापून टाकायला गेलात तर दुसरंही जाईल.

याच खोडीचं तिसरं फळही दाखवतो. १५ मे २००२, ग्लासगो, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. लेव्हरकुसेन विरुद्ध रेआल माद्रिद. आठव्या मिनिटाला राऊलचा गोल. पाच-सहा मिनिटांत बरोबरी कुणी केली? बचावपटू लुसिओनं, हेडरनं. मध्यंतराच्या तोंडावर झिदाननं तो जगप्रसिद्ध डाव्या पायाचा गोल केला आणि लेव्हरकुसेन हरला. त्याच मे महिन्यात हा क्लब जर्मन लीग एका गुणानं हरला होता आणि जर्मन चषकाचा अंतिम सामनाही हरला होता. तीन आठवड्यांच्या आत तीन वेळा तोंडचा घास गेला. आणि ग्लासगोनंतर ४६ दिवसांनी, ३० जूनला योकोहामात, लुसिओ जगज्जेता झाला. समोरच्या जर्मन संघात लेव्हरकुसेनमधले त्याचे सहकारी होते, श्नायडर, रामेलो, नॉयव्हिल. त्यांचा मोसम चौथ्यांदा हरून संपला.

आता दुसरी बाजू. समीक्षा म्हटली की ती मांडावीच लागते. लुसिओच्या या पुढे धावण्यावर टीका पुष्कळ झाली, आणि ती निराधार नाही. तो निघाला की मागे भगदाड पडायचं आणि ते दुसऱ्या कुणाला तरी बुजवावं लागायचं. जागा धरून उभं राहण्याची, आधीच ओळखून अर्धं पाऊल सरकण्याची जी कला इटलीच्या नेस्ताकडे होती, ती लुसिओकडे त्या प्रतीची नव्हती. नेस्ताला अनेकदा जमिनीवर घसरावं लागायचं नाही, कारण तो अगोदरच तिथे असायचा. लुसिओ धावून, घसरून, उडी मारून पोचायचा. केवळ कारागिरी बघितली तर आम्ही त्याला पहिल्या ओळीत बसवणार नाही. दुसऱ्या ओळीत, पण मध्यभागी.

२००९ च्या उन्हाळ्यात लुई व्हान गाल बायर्नचे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या योजनेत लुसिओला जागा उरली नाही. तो इंटर मिलानमध्ये गेला. तिथे जुझे मोरिन्होनं त्याला वॉल्टर सॅम्युएलच्या शेजारी उभं केलं. पुढे धावणारा एक, मागे राहणारा एक. २०१० च्या एप्रिलमध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर, अठ्ठाविसाव्या मिनिटापासून दहाजणांनिशी, इंटरनं पहिल्या सामन्यातली आघाडी राखली. तो सामना ०-१ हरूनही ते अंतिम फेरीत गेले. त्या रात्री लुसिओ कुठेही धावत सुटला नाही. त्यानं दीड तास आपली खोड आवरून धरली. आणि २२ मे रोजी माद्रिदमध्ये अंतिम सामन्यात समोर कोण? व्हान गाल यांचं बायर्न. इंटर २-०. दोन्ही गोल मिलिटोचे. लुसिओच्या नावावर नेहमीप्रमाणे एक अभाव, बायर्नचा न झालेला गोल.

आमच्या मते त्याची कारकीर्द इथे पूर्ण होते. स्वभाव बदलला नाही, पण तो कधी मोकळा सोडायचा आणि कधी बांधून ठेवायचा, हे त्याला कळलं. त्याच्या वर्षभर आधीच, २८ जून २००९ ला जोहान्सबर्गमध्ये, कॉन्फेडरेशन्स कपच्या अंतिम सामन्यात ब्राझील मध्यंतराला अमेरिकेविरुद्ध ०-२ मागे होता. मग २-२. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर किकवर कर्णधार लुसिओचा हेडर, ३-२. तिथे खोड मोकळी सोडली होती.

उतरणीचा काळ लपवायचं कारण नाही. २०१० च्या विश्वचषकात त्याच्या नेतृत्वाखाली ब्राझील नेदरलँड्सकडून उपांत्यपूर्व फेरीत हरला. २०१२ मध्ये युव्हेंटसमध्ये काही महिन्यांतच करार संपला. २०१३ मध्ये मायदेशी साओ पावलो क्लबकडून कोपा लिबेर्तादोरेसमध्ये आत्लेतिको मिनेइरोविरुद्ध खेळताना त्याला रेड कार्ड मिळालं, संघ पुढे असताना. ३८६ मिनिटं फाऊल न करणारा माणूस मैदानाबाहेर. आणि त्यानंतर बरोबरीचा गोल कुणी केला? रोनाल्डिन्होनं, जो आता पलीकडच्या संघात होता. शिझुओकात ज्यानं वाचवलं त्यानंच. दैव कुणाशी कायमचा करार करत नाही.

आणि मग २०१५ मध्ये लुसिओ आपल्या शेजारी आला. एफसी गोवा. प्रशिक्षक होते झिको. लुसिओ सदतीस वर्षांचा होता. आम्ही त्या मोसमात मडगावला एका नातेवाइकांकडे गेलो होतो, तेव्हा फातोर्ड्याच्या मैदानावर त्याला खेळताना पाहिलं. लांब ढांगा संपल्या होत्या. पण त्याचा हात सतत हलत होता. इकडे ये, तिकडे सरक, याच्या मागे जा. शेजारचा तरुण भारतीय बचावपटू दर मिनिटाला त्याच्याकडे बघून दोन पावलं सरकायचा. आमच्या मागे बसलेले एक गोंयकार आजोबा कोकणीत म्हणाले, त्याचा मथितार्थ असा, की हा स्वतः खेळत नाही, दुसऱ्यांना खेळवतो. आम्हाला वाटलं, ज्या जागा धरण्याच्या कलेत तो कमी पडतो असं आम्ही म्हणत होतो, ती आता तो दुसऱ्यांना शिकवत होता. पाय थकल्यावर शहाणपण हातात आलं होतं.

त्या वर्षी गोवा साखळीत पहिला आला. उपांत्य फेरीत त्यांनी दिल्लीला हरवलं, जिथे खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही रॉबर्टो कार्लोस होता. आणि २० डिसेंबरला फातोर्ड्यालाच अंतिम सामन्यात गोवा शेवटच्या क्षणांपर्यंत २-१ पुढे होता. मग गोलरक्षक कट्टीमणीकडून स्वयंगोल झाला, आणि भरपाईच्या वेळेत मेंडोझानं चेन्नईचा तिसरा गोल केला. ३-२. त्या रात्री गोव्यात कुणाचं नाव कशासाठी घेतलं गेलं असेल, हे सांगायला नको. कट्टीमणीला रिवाल्डो मिळायला वेळच उरला नव्हता.

मित्रहो, आता सुरुवातीला कबूल केलेली गोष्ट.

आमच्या एका कॉलेजात परीक्षा विभागाचे एक हेडक्लार्क होते. नाव सांगत नाही, कॉलेजचंही नाही. बावीस वर्षं त्यांनी प्रश्नपत्रिकांची पाकिटं सांभाळली. बावीस वर्षांत काय घडलं? काहीच नाही. पेपर फुटला नाही, पाकीट बदललं नाही, एकाही मुलाचा निकाल अडला नाही. स्नेहसंमेलनात कुणाकुणाचे सत्कार झाले, त्यांचा कधी झाला नाही. कशाबद्दल करणार? मग एका सकाळी त्यांच्या हातून चुकीच्या विषयाचं पाकीट फोडलं गेलं. त्या आदल्या रात्री त्यांची बायको दवाखान्यात होती, हे आम्हाला नंतर कळलं. चौकशी समिती नेमली गेली. तिघांच्या समितीत आम्ही होतो. अहवालात आम्ही लिहिलं, 'जबाबदारीच्या पदास अपात्र'. सही केली. त्यांना लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारायला बसवलं. निवृत्तीपर्यंत ते तिथेच होते. आम्हाला दिसले की उठून उभे राहायचे, "या सर" म्हणायचे.

आम्ही बावीस वर्षं अभाव हा पदार्थ मुलांना शिकवला. फळ्यावर 'योग्यानुपलब्धी' लिहून तिची व्याख्या पाठ करून घेतली. आणि समोर बावीस वर्षांचा जिवंत अभाव बसलेला असताना आम्हाला तो दिसला नाही. आम्हाला फक्त तेविसावं मिनिट दिसलं. स्कोलारींना तत्त्वज्ञान येत नव्हतं, पण त्यांनी माणूस मैदानात ठेवला. आम्ही बाहेर काढला. आणि आमच्या हेडक्लार्कांना रिवाल्डो मिळाला नाही.

म्हणून लुसिओ हा विषय. जगातली कितीतरी कामं बचावपटूची आहेत. धरणाचे दरवाजे सांभाळणारा, रेल्वेच्या रुळांवरून रात्री चालत जाऊन तपासणी करणारा, गावात लस टोचत फिरणारी आरोग्यसेविका, घरात आजारी माणसाचं करणारी बाई. त्यांचं यश म्हणजे काही न घडणं. आपली समीक्षा, आपले सत्कार, आपल्या बढत्या, सगळं घडलेल्या गोष्टींवर चालतं. त्यामुळे या लोकांच्या वाट्याला फक्त दोष येतो. यावर उपाय म्हणून चुका माफ करा, असं आम्ही म्हणत नाही. शिझुओकातली चूक ही चूकच होती, आणि चुकीचं पाकीट हे चुकीचंच पाकीट होतं. आम्ही एवढंच म्हणतो की तेविसाव्या मिनिटाचा हिशेब करताना बाकीची मिनिटं वहीत धरा. ती कोरी दिसतात, पण ती कुणीतरी कोरी ठेवलेली असतात.

लुसिओनं २०२० च्या सुरुवातीला निवृत्ती जाहीर केली, तोवर तो एक्केचाळीस वर्षांचा झाला होता आणि ब्राझिलियाच्या क्लबांकडून, म्हणजे आपल्या गावाकडेच, खेळून झाला होता. त्याच्या कारकिर्दीबद्दल आमचा निवाडा विचाराल तर असा: कारागिरीत दुसरी ओळ, धैर्यात पहिली. धैर्य म्हणजे चुकल्यावर उरलेला सामना तिथेच, त्याच जागी, पुन्हा चेंडू मागत खेळणं. आणि अशा माणसाला तिथे राहू देणं, हे बाजूला बसलेल्यांचं काम. ते आम्हाला जमलं नाही. तुम्हाला जमावं.

इतकं बोलून आम्ही थांबतो. आणि तो तांब्या आता आणला तरी चालेल.